मुक्काम नळदुर्ग, २५ जानेवारी १९५०

आधी खिसे रिकामे कर. मोबाइल इथंच ठेव, प्लास्टिकची पाण्याची बाटली ठेव, गांधीजींचं चित्र असलेली नोटही ठेव. तिथं ती कोणी घेणार नाही. त्याऐवजी ही पावली घे. एका अंगाला चारमिनार आहे. निजामाचं राज्य बुडून सव्वा वर्ष उलटलं, तरी तुझ्या गावच्या बाजारात अजून हाच हाली पैसा चालतो. सोलापूरच्या व्यापाऱ्याकडून कापड घ्यायचं तर त्याच्या सहा कलदार रुपयांना तुझे सात हाली मोजावे लागतात.

आता अंगावर बघ. मांजरपाटाचा सदरा, गुडघ्यापर्यंतची चड्डी, डोक्यावर टोपी. पायांत थोरल्या भावाच्या वहाणा, टाचेकडून दोन बोटं मोठ्या. पाठीला घोंगडी, तिच्यात गुंडाळलेला तांब्या. पडशीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू. तू पंधरा वर्षांचा आहेस, आठव्या जमातीत. मुलगी असशील तर आजच्या रात्रीपुरती मुलगा हो. या सहलीत एकही मुलगी नाही, वर्गातही नाही. १९५० सालात शिरायचं तर ही गैरसोय सोसूनच शिरावं लागतं.

वार बुधवार, माघाचा शुद्ध पक्ष. म्हणजे संध्याकाळी अर्धा चंद्र डोक्यावर असेल आणि मध्यरात्रीच्या सुमाराला मावळेल. हे लक्षात ठेव, पहाऱ्याच्या वेळी कामी येईल. गाव अणदूरच्या वरच्या अंगाला, बालाघाटाच्या उतरणीवरचं. सरकारी कागदावर जिल्हा उस्मानाबाद, आईच्या तोंडी धाराशिव.

आई दारात उभी आहे आणि तिला ही सहल पसंत नाही. परवा गुरुजी घरी आले होते. म्हणाले, ‘पोरांचा एका रात्रीचा कॅम्प काढलाय, नळदुर्गच्या किल्ल्यात.’ नेमका तोच शब्द त्यांनी वापरायला नको होता. दोन वर्षांपूर्वी या भागातलं एखादं पोरगं ‘कॅम्पवर गेलं’ म्हणजे निजामाची हद्द ओलांडून सोलापूर-बार्शीच्या बाजूला, स्टेट काँग्रेसच्या सरहद्दीवरच्या तळावर गेलं. तिथं बंदूक धरायला शिकलं आणि रात्रीचं परत हद्दीत घुसून करोडगिरीच्या नाक्यावर चालून गेलं. त्यातली सगळी परत आली नाहीत.

‘कशाला रात्रीचं जायचं किल्ल्यात? घरात काय खडं टोचूलालेत?’ ती म्हणते. तरी धपाटे तिनंच बांधून दिलेत, आणि मोजले तर तुला लागतील त्याच्या दुप्पट आहेत. याचं कारण तुला अजून माहीत नाही.

गुरुजी खादीतले, उंच, एका पायानं किंचित लंगडणारे. लहानपणी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकले. १९२१ साली निघालेली ती शाळा याच जिल्ह्यातली. तिथं व्यंकटराव खेडगीकर नावाचे मुख्याध्यापक होते. पुढं संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि हैदराबादच्या मुक्तिलढ्याची धुरा त्यांच्याकडं आली. गुरुजी त्यांचं नाव घेताना टोपी सारखी करतात. स्वतः ते कॅम्पवरचे. म्हणून त्यांना वाऱ्यात एका काडीत चूल पेटवता येते, अंधारात पाऊल न वाजवता चालता येतं, वीस माणसांना चार भागांत विभागून आळीपाळीनं जागं ठेवता येतं. हे शिक्षण त्यांना कुठल्या बालवीरांच्या पुस्तकातून मिळालेलं नाही. अर्थात बेडन-पॉवेलनं १९०७ साली ब्राउनसी बेटावर मुलांचं पहिलं शिबिर भरवलं, तेव्हा त्याच्याही गाठीला आफ्रिकेतल्या लढाईतलंच ज्ञान होतं. तो साम्राज्याचा सेनापती आणि आपले गुरुजी फरारी आरोपी, एवढाच काय तो फरक.

शाळेच्या पटांगणात हजेरी चालू आहे. पूर्वी तू ‘हाजिर जनाब’ म्हणायचास, आता ‘उपस्थित’ म्हणायचं असतं, आणि निम्मी पोरं अजून गडबडतात. सकाळची प्रार्थना आला हजरतांच्या सलामतीची होती, ती गेली. शुक्रवारची सुट्टी रविवारवर गेली. भूगोल उर्दूतून पाठ केला होतास, तो आता मराठीतून नव्यानं करतो आहेस. पोरांना या बदलाचं फारसं काही वाटत नाही. सुट्टी आठवड्यातून एकदा मिळाली की झालं.

रांगेत तुझ्या शेजारी पिंजाऱ्याचा पोरगा उभा आहे. बाकावरही तो तुझ्या शेजारीच बसतो. त्याच्या पाठीवर घोंगडी नाही, पातळ रजई आहे. तिचा कापूस त्याच्या बापानं पिंजलेला. तुझ्या घरच्या गाद्याही त्यानंच पिंजल्या होत्या. दुपारभर अंगणात ताँय ताँय चालायचं. बाप आता नाही. सप्टेंबर ४८ मध्ये गेला, हैदराबादेवर भारतीय फौजा चालून आल्या त्या पोलीस ॲक्शननंतर दहा-बारा दिवसांनी. कोणी मारलं हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, तुलाही. त्याच्या आधी उन्हाळ्यात निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी तुझ्या चुलत्याला चावडीपुढं झाडाला बांधून मारलं होतं आणि त्याचा उजवा हात तेव्हापासून वर जात नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. तुम्ही दोघं रोज एका दौतीत टाक बुडवता. या दोन गोष्टींवर आजवर एक अक्षर बोललेला नाहीत.

चला.

पायवाट जवारीतून जाते. रब्बीची जवारी डोक्याच्या वर, कणसं हुरड्यात आलेली. बांधाला करडईची रांग, तिचे काटे चड्डीखालच्या पायांना नेमके सापडतात. कोणीतरी हरभऱ्याचा डहाळा उपटतो, आणि त्यावरची आंब जिभेला लागली की तोंड वाकडं होतं. गुरुजी पुढं चालतात आणि मागं वळून बघत नाहीत. पोरं मोजायचं काम त्यांनी सगळ्यांत टारगट पोराला दिलंय, त्यामुळं ते पोरगं आज टारगटपणा विसरलंय. वहाणेनं टाच सोलवटली आहे. काढून हातात घे. सडक लागेपर्यंत अनवाणीच बरं.

अणदूरला खंडोबा. हा देव दोन गावांत राहतो: वर्षाचे सव्वादहा महिने अणदूरला, पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपुरात. मूर्ती एकच, देवळं दोन. दोन्ही गावचे मानकरी ठरलेल्या रात्री करार करून देव एकमेकांच्या हवाली करतात. मैलारपूरची पौष पौर्णिमेची जत्रा होऊन तीन आठवडे झालेत. सडकेच्या कडेला अजून फुटक्या बांगड्या, मोडकी चक्रं आणि धुळीत मिसळलेला भंडारा दिसतो. एक देव दोन गावं शहाणपणानं वाटून घेतात. हे वाक्य मी उगाच इथं घातलेलं नाही, पण तू पुढं चाल.

सोलापूर-हैदराबाद सडक. दगडी खडीची, पांढऱ्या धुळीची. अर्ध्या तासात एक मोटार गेली तर गेली, आणि ती गेल्यावर पोरांचे केस आजोबांसारखे पांढरे. मग उतार, आणि खाली बोरी नदीवरचा पूल. गुरुजी इथं थांबतात.

मीही तुला इथं थोडं मागं नेतो, सोळा महिने. १३ सप्टेंबर १९४८, सोमवार, पहाट. पावसाळी आभाळ. मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी यांच्या फौजा सोलापुराकडून निघाल्या आहेत आणि निजामी हद्दीतलं पहिलं मोठं ठाणं नळदुर्ग आहे. हा पूल उडवला गेला असता तर रणगाडे पुराच्या बोरीत अडकून बसले असते. पूल शाबूत हाती लागला. सेकंड शीख पलटणीचा हवालदार बचित्तर सिंग पुढच्या तुकडीत होता. समोरून आलेल्या दोन गाड्या त्यानं चालून जाऊन ताब्यात घेतल्या. मग किल्ल्याच्या बाजूनं मशीनगन सुरू झाली, मांडीत गोळी लागली, तरी तो सरपटत पुढं गेला आणि दोन हातबॉम्ब टाकून त्यानं ती मशीनगन बंद पाडली. तो तिथंच मेला. गुरुजींना त्याचं नाव माहीत नाही. ‘एक सरदारजी होता,’ एवढंच ते सांगतात. अशोकचक्र नावाचा सन्मान १९५२ मध्ये सुरू होईल आणि तो मिळवणाऱ्या पहिल्यांमध्ये हा पंजाबचा शेतकऱ्याचा पोरगा असेल, हे पुलावरच्या या घोळक्यात आत्ता फक्त तुला ठाऊक आहे. सांगू नकोस. विश्वास बसणार नाही कोणाचा.

पोरं कठड्यावर गोळ्यांच्या खुणा शोधतात. पिंजाऱ्याचा पोरगा शोधत नाही. तो नदीत खडे मारतो, आणि त्याचा खडा पाण्यावर सगळ्यांपेक्षा जास्त टप्पे घेतो.

किल्ला लांबून दिसत नाही. डोंगरी किल्ल्यांसारखा तो मान उंचावून उभा नाही. बोरीच्या वळणात, काळ्या खडकात बसून राहिलेला आहे. जवळ गेल्यावर भिंत उंच होत जाते आणि संपतच नाही. बुरूज एकशे चौदा, असं इथले लोक सांगतात. मोजायची पैज लागते. पोरं सत्तरीच्या घरात भांडायला लागतात आणि पैज मोडते. दरवाजातून आत शिरलं की एकदम गारवा आणि वटवाघळांचा वास. भिंतीच्या सावलीत एक म्हातारा शेळ्या घेऊन बसलाय. गुरुजींना विचारतो, ‘कुठली पोरं? कशाला आनली?’ गुरुजी म्हणतात, ‘झोपायला.’ म्हातारा हसून हसून खोकतो.

त्याचं हसणं समजून घे. हा किल्ला पूर्वी कल्याणीच्या चालुक्यांच्या मुलखात, मग बहामनींकडं, मग विजापूरच्या आदिलशाहीत, मग मुघलांकडं, मग निजामाकडं. १८५३ साली निजामानं कर्जापोटी हा मुलूख इंग्रजांना लावून दिला तेव्हा कर्नल मेडोज टेलर इथं कारभारी म्हणून आला. या सगळ्या काळात आसपासच्या खेड्यांतलं पोरगं इथं शिरलं ते गवताचा भारा घेऊन, नाहीतर वेठीला, नाहीतर कैदेत. झोपायला कोणी आलं नव्हतं.

उजेड आहे तोवर गुरुजींना पाणी महाल दाखवायचाय. बोरीवरचा बंधारा साठ फुटांहून उंच, एका काठावर मुख्य किल्ला आणि पलीकडं रणमंडळ. दोन्ही जोडणारी वाटही हीच आणि पाणी अडवणारी भिंतही हीच. डाव्या हाताला जानेवारीचं शांत, हिरवट पाणी, उजव्या हाताला खोल कोरडा खडक. भिंतीच्या पोटात एक अरुंद जिना उतरतो. एकामागं एक. खांदे दोन्हीकडं घासतात. पुढच्याची टाच दिसते तेवढंच. मग अचानक जागा मोकळी होते, कमानी दिसतात, एका बाजूला खिडक्या, आणि खिडकीतून खाली दरी.

इथं तुला एक सवलत देतो, कारण जानेवारीत आलास तर या जागेचं मर्म कळणार नाही. डोळे मिट. बंधारा पुरा झाल्यानंतरचा पहिला पावसाळा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचं राज्य, त्या गाण्यावेड्या सुलतानाचं, ज्याला लोक जगद्गुरू म्हणत आणि ज्यानं ‘किताब-ए-नौरस’ लिहिली. बोरीला पूर आला आहे. पाणी बंधाऱ्यावरून दोन ठिकाणांहून कोसळतं आहे. पुढं लोक त्या दोन धारांना नर आणि मादी म्हणू लागतील. तू त्या कोसळण्याच्या आत, दगडी घरात उभा आहेस. खिडकीबाहेर पाण्याचा पडदा आहे आणि तुझ्या सदऱ्यावर शिंतोडाही नाही. बोललेलं स्वतःलाच ऐकू येत नाही. पायाखालचा दगड थरथरतो, पण दगडच थरथरतो, भिंत हलत नाही. ज्यानं हे बांधलं त्याला नदी अडवायची होतीच, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. तिच्या आत बसून तिचं ऐकायचंही होतं. आपल्याकडं आता धरणाच्या भिंतीवर फोटो काढायला मनाई असल्याची पाटी असते, आणि हिशेब टीएमसीत.

डोळे उघड. कोरडा खडक. पाकोळ्या.

भिंतीत फारशी शिलालेख आहे. गुरुजी सांगतात, हिजरी १०२२, म्हणजे इसवी सन १६१३. बांधणाऱ्याचं नाव मीर इमादीन. मित्राचे डोळे हा महाल बघून उजळावेत आणि शत्रूचे मावळावेत, अशा अर्थाचं काहीतरी त्यात लिहिलंय, असंही सांगतात. ‘वाचणार कोण?’ पोरं एकमेकांकडं बघतात. लिपी सगळ्यांना येते, दोन वर्षांपूर्वीपर्यंत हीच गिरवली होती, पण आता पुढं व्हायला कोणी तयार नाही. ते शिकलेलं विसरल्यासारखं दाखवायची गावात रीत पडली आहे. पिंजाऱ्याचा पोरगा मागं, जिन्याच्या तोंडाशी उभा आहे. गुरुजी त्याच्याकडं कंदील धरतात. तो पुढं येतो, अक्षरांवरून बोट फिरवत ‘मीर’पाशी थांबतो. पुढचं वळण अवघड आहे. तू न विचारता म्हणतोस, ‘ऐन.’ तो म्हणतो, ‘ऐनच.’ मग दोघं मिळून ते नाव शेवटापर्यंत नेता.

रात्रीचं जेवण म्हणजे हुरडा. किल्ल्याबाहेरच्या एका शेतकऱ्यानं पोरं आल्याचं ऐकून पाटीभर कणसं आणि गवऱ्या पाठवल्यात. ‘सायबाला, दारोग्याला लई दिलं, आता पोरास्नी,’ असा निरोप. उपळी बुरुजाखाली, वारा लागणार नाही अशा जागी खड्डा खणून आगटी पेटते. गवऱ्यांचा निखारा झाला की कणसं त्यात खुपसायची, दाणे फुगले की बाहेर. गरम कणीस हातावर चोळायचं, तळवा भाजतो, पाखड उडवायला तोंडानं फुंकायचं, की हिरवे मऊ दाणे. लसणाची चटणी, गूळ, आणि कोणाच्या तरी पडशीतून निघालेली दह्याची लोटकी. पोरं बोलायची बंद होतात. या जिल्ह्यात माघातल्या रात्रीला याहून चांगलं काही होऊ शकत नाही. माझं हे मत पक्षपाती आहे आणि ते बदलायचा माझा विचार नाही.

तुझ्याकडं धपाटे जास्त आहेत. पिंजाऱ्याच्या पोराकडं नाहीतच. तो एक घेतो, वास घेतो, म्हणतो, ‘तुझ्या आईचे.’ धपाट्याला वासावरून ओळखणं जरा चमत्कारिक आहे. पण तू हुरड्यात गुंतलास.

मग गोष्ट. पोरांना भुताची हवी, गुरुजींना शिवाजी महाराजांची सांगायची आहे. तडजोड म्हणून ठगांची निघते. मेडोज टेलरनं ठगांच्या कबुलीजबाबांवरून १८३९ साली कादंबरी लिहिली आणि ती विलायतेत गाजली. तुळजापूरच्या तारा नावाच्या मुलीवर त्यानं पुढं दुसरी लिहिली. वाटसरूंच्या मेळ्यात गोड बोलून सामील व्हायचं, चार मुक्काम एकत्र जेवायचं, पाचव्या मुक्कामाला इशारा झाला की रुमाल. गुरुजी रुमाल फिरवून दाखवतात. ‘सोबतच्या माणसावर विश्वास बसला की मगच,’ ते सांगतात आणि मध्येच थांबतात. सोबतची माणसं हा विषय या गावांत अजून ओला आहे, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. गोष्ट ते गुंडाळतात. ‘पहारे लावा. बाकीचे आडवे व्हा.’

पडक्या ओसरीत कडबा पसरलाय. थंडी दगडातून वर येते. गुरुजींचा नियम: वहाणा उशाला, पाय आगटीकडं, तांब्या भरलेला, आणि कोणी हाक मारली तर आधी आवाज ओळखायचा, मग उत्तर द्यायचं. शेवटचा नियम सहलीचा नाही, कॅम्पवरचा आहे. कोणीही त्याला हसत नाही.

बारा ते दोन पहारा तुझा आणि पिंजाऱ्याच्या पोराचा. जोड्या गुरुजींनी लावल्यात. योगायोगानं लावल्यात असं समजायला हरकत नाही.

चंद्र मावळला. पाण्याच्या बाजूनं टिटवी ओरडते, लांब कोल्हे. बुरुजाच्या पायरीवर दोघांत मिळून एक रजई आणि एक घोंगडी. बराच वेळ कोणी बोलत नाही. मग तो विचारतो,

‘भ्या वाटूलालंय का?’

‘न्हाई.’

‘मला वाटूलालंय.’ थोडं थांबून, ‘पर किल्ल्याचं न्हाई. किल्ला बरा हाय. इथं कोण येत न्हाई.’

तू काहीतरी म्हणायला हवं. सुचत नाही. आगटीत एक कणीस उरलंय, ते उकरून काढतोस, अर्धं त्याला देतोस. जळकं आहे.

‘तवा आमी चार दिस तुरीत होतो,’ तो दाणे चोळत म्हणतो. ‘अम्मी, मी आन धाकटी. तुमच्याच तुरीत, ओढ्याकडच्या. दिसभर पालथं पडायचं. धाकटी रडली की अम्मी तिच्या तोंडात पदर कोंबायची. रातच्याला तुझी आई यायची, धपाटे घिऊन. येकटीच. कंदील न्हाई, काय न्हाई. चार राती आली.’

‘मला न्हाई सांगितलं.’

‘तिनं कुनालाच न्हाई सांगितलं. तुझ्या चुलत्याला कळलं असतं तर?’

तर काय झालं असतं, हे तुम्हा दोघांनाही माहीत आहे. तो पुढं काही बोलत नाही, तूही नाही. चुलत्याचा न उठणारा हात तुला आठवतो. त्याचा रागही खोटा नाही, हीच तर पंचाईत आहे. आई अंधारात एकटी शेतात गेली आणि तो हात असलेल्या माणसाला सकाळी तिनंच भाकरी वाढली. सहलीला ती नको का म्हणत होती, ते आता तुला थोडंफार कळतं.

तुम्हा दोघांना माहीत नसलेलं मी सांगतो, कारण मी पुढच्या काळातून आलोय. नेहरू सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती १९४८च्या नोव्हेंबर-डिसेंबरात हैदराबाद संस्थानात पाठवली. कमीत कमी सत्तावीस हजार ते चाळीस हजार माणसं पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर मारली गेली, असा अंदाज तिनं दिला. सगळ्यांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तुझा जिल्हा होता. बाकीचे नांदेड, बिदर आणि गुलबर्गा. अहवालात असंही नोंदवलंय की अनेक ठिकाणी हिंदूंनी शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवलं. तो अहवाल कित्येक दशकं कपाटात पडून राहिला. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा याच जिल्ह्यात. म्हणजे आधीचा जुलूम आणि नंतरचा सूड, दोन्ही तुझ्या जिल्ह्याच्या घरचे. आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिदिन करतो आणि तो करायलाच हवा. निजामाची रयत होऊन राहण्यात कसलंही सुख नव्हतं. पण त्या दिवसाच्या भाषणांत ओढ्याकडच्या तुरीचा उल्लेख मी अजून ऐकलेला नाही.

दोन वाजले असावेत. पुढची जोडी उठवा. तिला उठवायला वेळ लागतो, कारण हाक मारल्यावर ती नियमाप्रमाणं आधी आवाज ओळखत बसते.

पहाटे गुरुजी सगळ्यांना उपळी बुरुजावर चढवतात. पायऱ्या उभ्या, दव पडून निसरड्या. वर दोन लांबच लांब तोफा पडल्यात, एकीचं तोंड मगरीचं. पोरं लगेच मगरीवर स्वार होतात. इथून चारी दिशा उघड्या: खाली बोरीचं पाणी, मैलारपूर, सडकेची पांढरी रेघ, वायव्येला तुळजापूरकडचे डोंगर. बांबूला तिरंगा बांधलाय. २६ जानेवारी १९५०, गुरुवार. आजपासून देश प्रजासत्ताक.

गुरुजी भाषण करणार, आणि ते लांबणार, अशी भीती सगळ्यांना आहे. पण ते चार वाक्यांत आटपतात. राज्यघटना म्हणजे काय, ती आपणच आपल्याला दिली, आता रयत कोणी नाही. मग एक पोरगं विचारतं, ‘मग निजाम काय झाला?’ गुरुजींचा चेहरा आंबट होतो. ‘राजप्रमुख.’ खरंच आहे. आजपासून मीर उस्मान अली खान हैदराबाद राज्याचा राजप्रमुख आहे. ज्याच्या राज्यात गुरुजींवर वॉरंट होतं, तोच माणूस आज त्यांच्या प्रजासत्ताक राज्याच्या शिरावर. ‘असतं असं,’ गुरुजी म्हणतात. इतिहासाच्या मास्तरानं इतकं प्रामाणिक उत्तर दिल्याचं मी क्वचित ऐकलंय.

गाणं कोणतं म्हणायचं? परवाच, २४ जानेवारीला, दिल्लीत संविधान सभेत ‘जन गण मन’ राष्ट्रगीत असल्याचं जाहीर झालंय, पण ती बातमी नळदुर्गच्या या बुरुजावर पोचलेली नाही. गुरुजी ‘वंदे मातरम्’ म्हणायला लावतात. १९३८ साली हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात हे गाणं वसतिगृहात म्हटलं म्हणून शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकलं होतं. गुरुजी डोळे मिटून गातात, सूर लागत नाही. पोरांना शब्द अर्धेच येतात. पिंजाऱ्याचा पोरगा सावधान उभा आहे, ओठ हलत नाहीत. टारगट पोरगं त्याला कोपर मारायला जातं आणि तू मध्ये सरकतोस. फार मोठं काही केलं नाहीस. अर्धं पाऊल.

परतीच्या वाटेवर सगळे मरगळलेले. हुरड्यानं दोघांची पोटं बिघडलीत आणि त्यांच्यासाठी वारंवार थांबावं लागतं. पुलावर गुरुजी सगळ्यांना गोळा करतात, पोरं मोजतात, आणि मग ती घोषणा करतात जिची सगळ्यांना कालपासून धास्ती होती: ‘निबंध. नळदुर्गची सहल. तीन पानं, शाईनं. सोमवारी वर्गात.’

एकच कण्हणं उठतं. दोन पानांवर सौदा करायचा प्रयत्न होतो, फसतो.

‘गुरुजी, मी सोमवारी न्हाई,’ पिंजाऱ्याचा पोरगा म्हणतो. ‘सोलापूरला चाललो. मामूकडं. गिरणीत लावनार हायेत.’

हे तुलाही आत्ताच कळतंय. गुरुजी त्याच्याकडं बघतात, मग सडकेकडं, जी सरळ सोलापूरला जाते.

‘मग रविवारी आणून दे,’ ते म्हणतात. ‘घरी. आणि अक्षर नीट.’